अळणी पाव

ज्या गावाला अजून वेस शिल्लक आहे, त्या गावात शिरताना माणसाला आपल्या सामानाचे खरे वजन कळते. टॅक्सीवाल्याने आम्हांला मोंतोनेच्या वेशीबाहेर उतरवले, बोटाने वरची बाजू दाखवली आणि गाडी वळवून तो उंबेर्तिदेच्या स्टेशनाकडे निघून गेला. वर म्हणजे अगदी वर. दगडी फरसबंदीचा बोळ दोन्ही बाजूंच्या भिंतींमधून अंग चोरीत चढत गेला होता. पेटीला चाके लावण्याची युक्ती ज्याने काढली, त्याने असला बोळ जन्मात पाहिला नसावा. माझी भाची पुढे, मी मागे, आणि आमच्या पेट्यांचा खडखडाट साऱ्या गावाला आमची वर्दी देत चाललेला. एका खिडकीत मांजर बसले होते. आमच्या आगमनाची दखल घेतली ती तेवढ्या त्यानेच. ते उठून आत गेले.

मोंतोने हे काही मोठे नाव नव्हे. रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस करून परतणारा आपला प्रवासी इथे फिरकत नाही, आणि फिरकला नाही म्हणून त्याचे काही अडतही नाही. मध्य इटलीतल्या उंब्रिया प्रांतात, पेरुजाच्या उत्तरेला चाळीसेक किलोमीटरवर, टायबर नदीच्या खोऱ्यावर डोळा ठेवून हे गाव टेकडीच्या माथ्यावर बसले आहे. उंची ४८० मीटरच्या आसपास, वस्ती आसपासची शेतेवाड्या धरून हजार-दीड हजारांच्या घरातली. भोवती तट, तटाला तीन वेशी आणि त्या तीन वेशींच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या तीन पेठा. गावाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात आमच्या पुण्याच्या घराजवळचा सिग्नल एकदा हिरवा होतो.

आमचे उतरायचे ठिकाण म्हणजे जुने दगडी घर. हॉटेल म्हणावे तर दहाच खोल्या. खाणावळ म्हणावे तर टेबलावर इस्त्रीचे पांढरे कापड. इटालियन लोक अशा जागेला ‘लोकांदा’ म्हणतात. आपल्याकडे एका बाजूला धर्मशाळा आणि दुसऱ्या बाजूला ‘लॉजिंग-बोर्डिंग’. मधली ही पायरी रिकामीच राहून गेली. घर किती जुने म्हणून विचारले, तर मालकीणबाईंनी आकडा न सांगता उजवा हात खांद्यावरून मागे फेकला. त्या हाताच्या झोकात पाच-सहा शतके सहज बसली असती. ‘ब्राच्चोच्या घराण्याचं घर आहे, असं म्हणतात,’ हेही त्यांनी सांगितले आणि ‘म्हणतात’वर प्रामाणिकपणे जोर दिला. मला त्या तिथेच आवडल्या. आपल्याकडे प्रत्येक जुन्या वाड्यात पेशव्यांचा एक मुक्काम झालेला असतो, आणि वाड्याचे आजचे मालक तो मुक्काम आपण स्वतः समया लावून पाहिल्यासारखा सांगतात.

हा ब्राच्चो म्हणजे गावाचा शिवाजी नव्हे, पण गावाला दुसरा नाही एवढे खरे. आंद्रेआ फोर्तेब्राच्ची हे त्याचे नाव. जग त्याला ब्राच्चो दा मोंतोने म्हणून ओळखते. जन्म १३६८ चा, मृत्यू १४२४ चा, धंदा लढाईचा. त्या काळी इटलीतली राज्ये आपल्या लढाया स्वतः लढत नसत, करारावर सरदार ठेवीत. त्या कराराला ‘कोंदोत्ता’ म्हणत आणि करारावर लढणाऱ्याला ‘कोंदोत्तिएरे’. ब्राच्चो कधी पोपसाठी लढला, कधी पोपविरुद्ध. १४१६ मध्ये तो पेरुजाचा धनी झाला आणि १४१७ मध्ये काही आठवडे रोमसुद्धा त्याच्या मुठीत होते. लाक्विलाच्या वेढ्यात जखमी होऊन मेला. भाची पेरुजाला परदेशी विद्यार्थ्यांच्या विद्यापीठात इटालियन शिकते. त्या विद्यापीठाच्या दारासमोरच्या चौकाला याच ब्राच्चोचे नाव आहे. पगारी शिपाईगिरी करून माणूस एवढा मोठा होऊ शकतो, याचे तिला फार नवल. मलाही होते, पण माझ्या नवलाची जात वेगळी. तिच्याकडे येतेच.

आमच्या पासपोर्टांवरची माहिती मालकीणबाईंचा नातू यंत्रात भरीत होता. इटलीत रात्रीच्या प्रत्येक पाहुण्याची वर्दी पोलिसांना द्यावी लागते. माझ्या जन्मस्थळाच्या रकान्यापाशी तो अडला. भाचीने सांगितले, की हे मुंबईच्या खाली, माणगावच्या बाजूला. मालकीणबाईंनी मान वर केली आणि म्हणाल्या, ‘येस्वान्त?’

मी म्हटले, ‘यशवंत.’

‘येस्वान्त गाद्गे,’ त्यांनी नाव पुरे केले, आणि किल्ली माझ्या हातात न देता स्वतःच्या हातात घेऊन जिन्याकडे निघाल्या. किल्लीला पितळेचा गोळा लावला होता, आपल्या तराजूतल्या अर्ध्या शेराएवढा. जिना अरुंद, पायऱ्या मधोमध झिजून वाटीसारख्या झालेल्या, कठडा नाही. मी पेटी उचलून घाईने तिसरी पायरी गाठली तशी मागून बाईंचा आवाज आला, ‘पियानो, सिन्योरा. पियानो, पियानो.’

मी पेटी तिथेच टेकवली.

माझे आजोळ माणगाव तालुक्यातले. थोरले मामा १९४० साली मराठा पलटणीत भरती झाले. देशभक्ती, साहस, जग पाहण्याची हौस असले काही त्यात नव्हते. भाताची जमीन थोडी, खाणारी तोंडे बरीच आणि भरतीच्या जागी जेवण मिळे. मामा गेले आणि दर महिन्याला मनिऑर्डर येऊ लागली. ते इजिप्तला होते, मग इटलीत. १९४६ ला सुटून आले ते एक घोंगडी, एक लोखंडी ट्रंक आणि तांबूस पिवळा सहा टोकांचा एक तारा घेऊन. इटलीत लढलेल्यांना मिळे तो हा ‘इटली स्टार’. पेन्शन नव्हते, लढाईपुरत्या नोकरीला ते कसले? मामांनी ताऱ्याची फीत ट्रंकेत टाकली, घोंगडी अंगावर घेतली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ते नांगराला बैल जुंपून शेतावर गेले. लढाईबद्दल ते बोलले नाहीत ते नाहीतच.

बोलले ते एवढेच, की बैल उतारावर जोर करू लागला की ‘प्यानो, प्यानो’ म्हणायचे. विहिरीतून घागर वर येताना, ‘प्यानो’. दूध उतू जायला आले की मामी चुलीपाशी तेच म्हणत आणि माझी आई बाळंतिणीला ओटीवरून उतरवताना तेच म्हणे. हा शब्द आमच्या घरात इतका मुरला होता, की तो मराठी नाही अशी शंकाही मला कधी आली नाही. पुढे शाळेत चित्रात पियानो पाहिला, तेव्हा त्या काळ्या पेटीचा आणि मामांच्या बैलांचा काय संबंध, हे कोडे मी काही वर्षे मनात बाळगून होते. मामा गेले, बैल गेले, शब्द राहिला. पेरुजाला गेल्यावर दुसऱ्याच आठवड्यात भाचीचा रात्री फोन आला. ती मामांची नात. माझ्या मामेभावाची मुलगी. ‘आत्या, आजोबांचं प्यानो म्हणजे हळूहळू. सावकाश. अगं, इथे सगळेच म्हणतात!’ फोनवर ती हसत होती. मग हसायची थांबली.

माझ्या या प्रवासाचे कारण म्हणाल तर हे. पण शब्दाचा अर्थ फोनवर कळणे निराळे, आणि उंब्रियातल्या एका जिन्यावर, पाठीमागून, मामांच्याच सुरात तो ऐकू येणे निराळे. सूर तोच होता. दुसऱ्या ‘प्यानो’वर किंचित खाली उतरणारा. बैलाच्या पाठीवर हात ठेवल्यासारखा.

खोलीचे वर्णन करण्याची रीत आहे म्हणून करते. भिंत दीड हात जाड; खिडकीच्या कोनाड्यात एक माणूस पाय दुमडून सहज बसावा एवढी. छताला काळ्या पडलेल्या लाकडी तुळया आणि त्यांच्यामध्ये विटा. जमिनीच्या भाजक्या फरश्या इतक्या वरखाली, की टेबलावरून पडलेले पेन्सिलीचे तुकडे आपोआप पलंगाखाली जमा होत. न्हाणीघर मात्र नवे, कपाटात देवघर बसवावे तसे कोपऱ्यात बसवलेले. त्यात आंघोळ करताना कोपर आवरून धरावे लागे. पण झडपा उघडल्या की सारे खोरे पायाशी. गव्हाची कापणी झालेली शेते, सूर्यफुलांचे पट्टे, डोंगराच्या कडेवर ऑलिव्हची झाडे, आणि तळाशी पिंपळासारख्या पानांच्या झाडांच्या रांगेने ओळखू यावी अशी नदी. टायबर हे नाव आपण रोमच्या इतिहासातून उचलले. इथले लोक तिला तेवेरे म्हणतात, आणि इथे ती अजून रोमची झालेली नसते. आमच्या काळ नदीएवढीच.

रात्री खाली जेवायला बसलो. टेबलावर आधी पाव आला. मी तुकडा मोडून तोंडात घातला आणि भाचीकडे पाहिले. पाव चांगला होता, कवच खरपूस, आत मऊ. पण त्यात मिठाचा कण नव्हता. घाईत स्वयंपाकीणबाईंचा हात चुकला असेल, असे मला वाटले. भाची हसली. म्हणाली, ‘चुकलं नाही आत्या, इथला पाव असाच. अळणी.’ मालकीणबाई सूप घेऊन आल्या तेव्हा त्यांनी कारण सांगितले. १५४० साली पोप तिसरा पॉल याने पेरुजाच्या मुलखात मिठाचा भाव वाढवला. लोकांनी नकार दिला, बंड केले. पोपचे सैन्य आले, बंड मोडले, बंडातल्या घराण्याची घरे होती त्या जागेवर पोपने आपला किल्ला उभारला. ती घरे आणि तो रस्ता किल्ल्याच्या पोटात तसाच गाडला गेला. आज पेरुजात त्या गाडलेल्या गल्लीतूनच सरकत्या जिन्यांनी वर जातात. भाचीची ती नेहमीची वाट. लढाई हरली, पण लोकांनी पोपचे मीठ पावात घालणे सोडले, ते आजतागायत. इतिहासकार याला मान डोलवीत नाहीत हेही भाचीने मला मराठीत सांगून टाकले. मध्य इटलीत पाव अळणी करण्याची चाल इतरत्रही आहे, आणि तिला दुसरी कारणे असू शकतात. पण बंड खरे, किल्ला खरा, आणि बाईंच्या डोळ्यांतला अभिमान तर सगळ्यात खरा.

मी तो पाव हातात धरून बसले. मला धाकटे मामा आठवत होते.

आमच्या आजोळी भाऊ दोन. थोरले इटलीच्या वाटेवर असताना धाकटे १९४२ च्या चळवळीत येरवड्याला होते. एकाच आईच्या नावाने एकाच महिन्यात दोन पत्रे येत, दोन्ही तपासनीसाने फोडलेली, दोन्हींवर सरकारी शिक्का. आजीला वाचता येत नव्हते. तिच्या दृष्टीने दोन्ही मुलगे सरकारने नेले होते. लढाईनंतर दोघेही घरी आले, शेत एकत्रच राहिले, चूलही एक. भांडण असे कधी झाले नाही. फक्त एकदा, मी सात-आठ वर्षांची असेन, पडवीत जेवणे चालली होती आणि धाकट्या मामांनी काहीतरी बोलता बोलता विचारले, ‘दादा, पण तुम्ही लढलात ते कुणासाठी?’ थोरले मामा ताटाकडे पाहत म्हणाले, ‘खाल्ल्या मिठाला जागलो.’ धाकटे मामा काही वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘मीठ आपल्याच समुद्राचं होतं, दादा. त्याच्यावर कर बसवणाऱ्याला कसलं जागायचं?’

१९३० साली शिरोड्याच्या मिठागरावर लोकांनी डोकी फोडून घेतली होती. धाकटे मामा त्या वेळी शाळकरी होते, पण ती गोष्ट त्यांच्या रक्तात होती. थोरल्या मामांनी उत्तर दिले नाही. ताटात हात धुतला आणि ते गोठ्याकडे गेले. पुढे १९७२ मध्ये धाकट्या मामांना ताम्रपट मिळाला. तो चौकटीत बसवून माजघरात लागला, आणि त्याला दर दसऱ्याला झेंडूची माळ असे. ती माळ थोरले मामा स्वतः ओवीत. तारा ट्रंकेतच होता. आमच्या घरात कुणी त्याला लपवले नव्हते. त्याला लावायला भिंतच नव्हती, एवढेच. ज्या देशासाठी ताम्रपट निघाला त्या देशासाठी तो तारा नव्हता, आणि ज्या राजासाठी तो तारा होता तो राजा निघून गेला होता.

मोंतोनेत पगारावर लढणाऱ्याचे घर पाहुण्यांना अभिमानाने दाखवतात, आणि आमच्याकडे तेवढ्याच कामाचा तारा ट्रंकेत राहतो, हे मला त्या टेबलावर प्रथम खुपले. पण तुलना पुरती जुळत नाही, हेही लगेच कळले. ब्राच्चो आपला भाव स्वतः ठरवीत असे, धनी बदलीत असे, आणि जमले तेव्हा धनीच होऊन बसला. आमच्या पोरांना कोंदोत्ता दाखवून कुणी विचारले नव्हते, की कुणाविरुद्ध लढाल? अंगठा उठवला, की बोट लागे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सूर्यघड्याळ पाहायला गेलो. २०२३ च्या जुलैत मोंतोनेच्या नगरपालिकेने आणि इटलीतल्या काही लष्करी इतिहासकारांनी मिळून ते उभारले, नाईक यशवंत घाडगे यांच्या नावाने. हे नाव आमच्या बाजूला सगळ्यांना ठाऊक आहे; माणगावला त्यांचा पुतळा आहे. घाडग्यांच्या गावाचे नाव कुणी काढले, की थोरले मामा टोपी काढून गुडघ्यावर ठेवीत. पलटण तीच, तिसरी, कंपनी वेगळी.

१० जुलै १९४४. याच खोऱ्याच्या वरच्या अंगाला, टेकड्यांवर जर्मनांची ठाणी होती. घाडग्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगन सुरू झाली, आणि त्यांच्याखेरीज प्रत्येक जण मेला किंवा जखमी होऊन पडला. ते एकटे त्या ठाण्यावर धावून गेले. हातबॉम्ब टाकून तोफ आणि ती चालवणारा गार केला. दुसऱ्याला गोळी घातली. बंदुकीत नवी गोळ्यांची कांडी भरायला वेळ नव्हता, तेव्हा नळीकडून बंदूक धरून त्यांनी उरलेल्या दोघांना दस्त्याने मारले. मग दुरून नेम धरून बसलेल्यांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागून ते त्याच ठाण्यात पडले. वय बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. देह सापडला नाही. म्हणून कास्सिनोच्या युद्धस्मशानातल्या स्मारकावर, ज्यांची कबर नाही अशांच्या यादीत, त्यांचे नाव कोरले आहे. इटलीच्या लढाईत भारतीय सैन्याच्या चौथी, आठवी आणि दहावी अशा तीन डिव्हिजन होत्या. तिथे दिले गेलेले व्हिक्टोरिया क्रॉस वीस, त्यांतले सहा भारतीयांचे. घाडग्यांखेरीज मराठा पलटणीतला दुसरा अहमदनगर जिल्ह्यातल्या नामदेव जाधवांचा, १९४५ च्या एप्रिलमध्ये सेनिओ नदीवरचा. जाधव घरी परतले. ५,७८२ भारतीय परतले नाहीत.

मी छत्तीस वर्षे भूगोल शिकवला. शौर्यपदकाची ती हकीकत मी अनेकदा वाचली आहे, आणि प्रत्येक वेळी बंदूक उलटी धरण्यापाशी माझे वाचन अडखळते. तो प्रसंग लहान मुलांना सांगायचा तर आपण ‘शत्रूला ठार केले’ म्हणून पुढे जातो. पण दस्त्याने मारायला जवळ जावे लागते, तोंड दिसते. ते दोघेही बहुधा बाविशीचेच. घाडग्यांनी हे केले नसते तर त्यांच्या मागचे आणखी किती पडले असते हे मला समजते. थोरले मामा त्या मागच्यांत असतील, तर मी हे लिहिते आहे तेही त्यामुळेच. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवण्यात हे सगळे असावे. बोलण्यात ते मावले नसते.

सूर्यघड्याळावर लॅटिनमध्ये बोधवाक्य आहे: आपण सारे एकाच सूर्याखाली. आम्ही पोहोचलो तेव्हा ढग होते. सूर्य नसलेले सूर्यघड्याळ म्हणजे काही नव्हेच. ना वेळ, ना सावली. आम्ही बसून राहिलो. शिक्षकाची खोड जात नाही, म्हणून मी भाचीला म्हटले, की सूर्य एक असला तरी त्याचा कोन एक नसतो. मोंतोनेत उन्हाळ्यात भर माध्यान्हीलासुद्धा सूर्य डोक्यावर येत नाही. उभ्या वस्तूला सावली असतेच. आमच्या माणगावला मात्र वर्षातून दोनदा, मे महिन्याच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीला, ती सावली पायाखाली नाहीशी होते. मेमधली सगळ्यांना दिसते. जुलैतली कुणी पाहत नाही. आभाळ भरलेले असते.

‘आजोबांना माहीत असेल?’ तिने विचारले.

‘शेतावर असणाऱ्याला सगळं माहीत असतं.’

मालकीणबाई बाजाराच्या पिशवीसह तिकडून चालल्या होत्या. त्या येऊन आमच्याजवळ बसल्या. त्यांचे माहेर खालचे, उंबेर्तिदेचे. २५ एप्रिल १९४४ ला दोस्तांच्या विमानांनी नदीवरचा पूल उडवण्यासाठी बॉम्ब टाकले, ते घरांवर पडले. सत्तर माणसे गेली. त्यांची आई तेव्हा चौदा वर्षांची. उरलेले घर वर मोंतोनेत एका नातेवाइकाकडे आले. जुलैच्या पहिल्या आठवड्यात जर्मन निघून गेले आणि वाटेने खेचरे आली, खेचरांमागे माणसे. ‘बॉम्ब ज्यांचे, सोडवणारेही त्यांचेच,’ बाई म्हणाल्या. ‘आई म्हणायची, की माणूस कुणावर रागावणार?’ मग त्यांनी सांगितले, की आईला त्या इंडियन शिपायांचे एकच लक्षात राहिले होते. ते पत्र्याच्या तुकड्यावर गोल पातळ भाकरी भाजीत आणि मुलांना देत. इथेही तशी भाकरी होते, ‘तोर्ता अल तेस्तो’. तेस्तो म्हणजे तवाच, पूर्वी मातीचा किंवा दगडाचा, आता लोखंडी. गव्हाचे पीठ, पाणी, मीठ. तव्यावर दोन्ही अंगांनी भाजायचे. आईचे म्हणणे, त्यांची आमच्यापेक्षा पातळ होती, पण मुलांना आवडे. का?

‘का?’ मी विचारले.

‘खारट होती,’ बाई म्हणाल्या. ‘लढाईत आमच्याकडे मीठ कुठलं?’

भाचीने हे मला मराठीत सांगितले, आणि सांगून झाल्यावर ती बराच वेळ स्वतःच्या बोटांकडे पाहत राहिली. मीठ सरकारचे की समुद्राचे, याचा निकाल आमच्या पडवीत लागला नव्हता. इथे ते कुणा पोराच्या तोंडात गेले होते, आणि तेही, आईच्या सांगण्याप्रमाणे, न मागता.

दुपारी सव्वा वाजायच्या सुमारास ढग फाटले. सावली पडली. माझ्या घड्याळात एक वाजून सोळा मिनिटे झाली होती; सूर्याने मात्र नेमके बारा दाखवले. इटलीचे उन्हाळी घड्याळ एक तास पुढे असते आणि वर मोंतोनेची म्हणून काही मिनिटे. त्यात चुकीचे काही नव्हते. भाचीने तेवढ्यात माणगावला फोन लावला, आणि माझा मामेभाऊ पडद्यावर दिसू लागला. मागे कौलांवरून पाण्याच्या धारा.

‘ताई, किती वाजले तिथे?’

‘घड्याळाचे सांगू की सूर्याचे?’ मी म्हटले. ‘घड्याळाने तुझ्यात नि माझ्यात साडेतीन तास. सूर्याने चार.’

त्याला ते ऐकू गेले नसावे. भाचीने फोन फिरवून त्याला दगड दाखवला, सावली दाखवली, खाली उतरत गेलेले खोरे दाखवले. तो डोळे बारीक करून पाहत होता.

‘बाबांचं नाव आहे का तिथे कुठे?’

‘नाही,’ भाची म्हणाली. ‘आजोबा परत आले ना.’

‘असू दे,’ तो म्हणाला. मग थोडे थांबून, ‘ऊन चांगलं पडलंय गं तिथे.’

‘आत्ताच आलं.’

‘इथे आठ दिवस झाले. थांबायचं नाव नाही.’ मागून वहिनी काहीतरी ओरडल्या, बहुधा दूध. तो मान वळवून त्यांना म्हणाला, ‘प्यानो, प्यानो.’